बंद घर उघडल्यावर शॉवर सुरू करण्याआधी

सुट्टी संपवून गावाहून परतलं की आधी आंघोळ उरकावीशी वाटते. पण दोन-तीन आठवडे पाइपात आणि गीझरमध्ये साचलेलं पाणी लगेच शॉवरखाली अंगावर घेऊ नका. लिजिओनेला हा जिवाणू अशाच कोमट, न हललेल्या पाण्यात वाढतो. ते पाणी पोटात जाण्यापेक्षा त्याचे बारीक तुषार श्वासातून फुप्फुसात जाणं जास्त धोक्याचं, कारण त्यातून जिवावर बेतणारा न्यूमोनिया होऊ शकतो. १९७६ साली फिलाडेल्फियातल्या हॉटेलात माजी सैनिकांच्या अधिवेशनात याची साथ आली, तेव्हा हा आजार जगाला कळला.

आधी बाथरूमची खिडकी उघडा. शॉवर फिरवून काढा आणि थंड पाणी काही मिनिटं बादलीत सोडून द्या. हँडशॉवर असेल तर त्याचं तोंड बादलीतल्या पाण्यात बुडवून ठेवा, म्हणजे तुषार उडणार नाहीत. तेवढा वेळ बाहेरच थांबा.

मग गीझर. साधारण २० ते ४५ अंश सेल्सिअस हा या जिवाणूच्या वाढीचा पट्टा. ६० अंशांना तो मरतो. वीज वाचवायला बरेच जण साठवणीच्या गीझरचं तापमान चाळिशीत ठेवतात. ही बचत मला अजिबात पटत नाही. ६० वर ठेवा, पूर्ण तापू द्या आणि ते गरम पाणीही थोडं वाहू द्या. मात्र एवढं गरम पाणी काही सेकंदांत भाजतं, म्हणून बादलीत आधी थंड पाणी घ्या. लहान मुलांना नळाजवळ एकटं सोडू नका.

काढलेला शॉवर व्हिनेगरमध्ये भिजवून ब्रशने घासा. क्षारांच्या पांढऱ्या थरात जिवाणूंना आसरा मिळतो. गच्चीवरच्या टाकीतला गाळ काढा, झाकण घट्ट बसवा.

घरात पन्नाशीपुढचं, सिगारेट ओढणारं, मधुमेह किंवा दम्याचं कुणी असेल, कुणाची केमोथेरपी चालू असेल, तर त्यांनी बादली-तांब्यानेच आंघोळ करावी. त्यात तुषार फार कमी उडतात.

त्यानंतर २ ते १४ दिवसांत ताप, खोकला, धाप, अंगदुखी, कधी जुलाब किंवा बडबडणं सुरू झालं, तर डॉक्टरांना बंद घराची आणि शॉवरची गोष्ट आवर्जून सांगा. हा आजार सहसा एकापासून दुसऱ्याला होत नाही. लघवीच्या तपासणीत त्याचा मुख्य प्रकार कळतो. पेनिसिलिनसारखी नेहमीची औषधं इथे चालत नाहीत. अॅझिथ्रोमायसिन किंवा लिव्होफ्लॉक्सासिन लागतं, तेही डॉक्टरांनी ठरवूनच.