शाळेनंतरच्या वर्गात हस्तकला घेताय? या चुका टाळा

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात संध्याकाळी कुठल्याही पाळणाघरात किंवा छंदवर्गात डोकावून बघा. ताई एकट्या बसून सगळ्यांचे आकाशकंदील चिकटवतायत आणि मुलं कोपऱ्यात पकडापकडी खेळतायत, असं दृश्य हमखास दिसतं. ताईंच्या उत्साहात काही कमी नसते, सामानही भरपूर आणलेलं असतं. घोळ झालेला असतो तो आधी, कोणती वस्तू करायची ते ठरवताना आणि वेळेचा हिशेब मांडताना. म्हणून इथे नियोजनातल्या चुकांबद्दल लिहितेय, आणि ऐन वर्गात काही बिघडलं तर ते कसं सावरायचं, त्याबद्दलही.

तासाला पूर्ण तास समजणं

साडेचार ते साडेपाच हा वेळ वेळापत्रकात तास दिसतो, पण तो तास नसतो. मुलं शाळेतून दमून येतात, भूक लागलेली असते, एखादी बस उशिरा पोचते. खाऊ, हातपाय धुणं आणि दप्तरं जागेवर ठेवणं यात पंधरा मिनिटं जातात. शेवटची दहा मिनिटं आवराआवरीची. मधे एखादं पालक लवकर न्यायला येतं. खरं काम करायला मिळतात पस्तीस मिनिटं, आणि योजना तेवढ्याचीच करायची.

यासाठी वस्तू आधी स्वतः करून बघा, घड्याळ समोर ठेवून. तुम्हाला दहा मिनिटं लागली तर आठ-नऊ वर्षांच्या मुलांना अर्धा तास धरा, पहिली-दुसरीतल्यांना त्याहून जास्त. करून बघायचा आणखी एक फायदा म्हणजे कुठे दोन हात कमी पडतात ते कळतं. जिथे तुम्हालाच कागद दातात धरावासा वाटला, तिथे मुलांची जोडी लावायची: एकाने धरायचं, दुसऱ्याने चिकटवायचं.

खाऊच्या आधी हस्तकला कधीच सुरू करू नका. पोटात काही नसलेलं मूल कात्री नीट धरत नाही, चिडतं, आणि आपण त्याला हट्टी ठरवून मोकळे होतो.

एकच वस्तू, सहा ते बारा वयाच्या सगळ्यांना

शाळेनंतरच्या वर्गात पहिलीतली चिमुरडी आणि सहावीतला दादा एकाच सतरंजीवर बसतात. दोघांना एकच काम दिलं तर एकाला झेपत नाही आणि दुसरा कंटाळतो. विषय एक ठेवा आणि कामं वेगवेगळी द्या. आकाशकंदिलाचंच उदाहरण घेऊ, कारण सगळ्यात जास्त फजिती तिथेच होते.

लहानांसाठी घडीचा कागदी कंदील उत्तम. ए-फोर आकाराचा घोटीव कागद लांबीत अर्धा दुमडायचा, घडीच्या बाजूने काप द्यायचे, उलगडून गोल वळवायचा आणि कडा चिकटवायच्या. इतकं सोपं असूनही अर्ध्या वर्गाचा कंदील बिघडतो, कारण मुलं उघड्या कडेकडून कापायला सुरुवात करतात किंवा कापता कापता थेट पलीकडे निघून जातात. हातात नुसत्या पट्ट्या येतात आणि डोळ्यांत पाणी. यावर उपाय दोन. दुमडलेल्या कागदाच्या उघड्या कडेपासून दोन बोटं आत पेन्सिलने जाड रेघ मारायला लावा आणि तिचं नाव ‘थांबा’ ठेवा. आणि कापण्याआधी प्रत्येकाला घडीवरून बोट फिरवायला सांगा, ‘इथून सुरुवात’ असं म्हणत. तरीही कुणाच्या पट्ट्या झाल्याच तर त्या टाकू नका. त्याच कंदिलाच्या झिरमिळ्या होतात, दुसरा कागद दिला की झालं. म्हणून प्रत्येक कामाला पाच-सहा कागद जास्तीचे कापून ठेवावेत.

मोठ्यांना सांगाडा करू द्या. कामट्यांचा मोठा कंदील हे एका बैठकीचं काम नाही, ते चार दिवसांत वाटावं लागतं: पहिल्या दिवशी कामट्या पॉलिश पेपरने घासणं, कारण त्यांची कुसळं बोटात जातात, दुसऱ्या दिवशी बांधणी, मग कागद, शेवटी झिरमिळ्या. एवढे दिवस नसतील तर आगपेटीच्या काड्या आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब, म्हणजे व्हॉल्व्हवर चढवायची बारीक रबरी नळी, घ्या. टाकाऊतून खेळणी करून विज्ञान शिकवणाऱ्या अरविंद गुप्तांनी मध्य प्रदेशातल्या होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमापासून ही युक्ती देशभर पोचवली, आणि पुढे पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतल्या मुलांच्या विज्ञान केंद्रातही अशी कितीतरी खेळणी केली. काड्यांचं गुल आधी खरवडून टाकायचं, आणि ते काम आपण मोठ्यांनी करायचं. ट्यूबचे दीड-दोन सेंटिमीटरचे तुकडे कापायचे. एका तुकड्याच्या दोन्ही तोंडांत एकेक काडी घातली की झाला दोघांचा जोड. मधोमध बाभळीच्या काट्याने किंवा जाड सुईने भोक पाडून तिसरी काडी घातली की तिघांचा.

इथे मुलं आधी चौकोनी ठोकळाच करायला जातात. बारा काड्या, आठ जोड, आणि उभा केला की तो कलंडतो. त्यांना लगेच ‘चुकलं’ म्हणू नका, दोन मिनिटं हलवून बघू द्या. मग सहा काड्यांचा आणि चार जोडांचा त्रिकोणी सांगाडा करायला सांगा. तो हलत नाही, कारण त्याची प्रत्येक बाजू त्रिकोण आहे. त्याला पतंगाचा कागद लावला की तळहाताएवढा सुरेख कंदील तयार. शाळेत भूमितीत त्रिकोण शिकताना हे त्यांना आठवेल, आणि हस्तकलेच्या तासाला याहून जास्त काय हवं!

नमुना समोर टांगून ठेवणं

नमुना दाखवावा, पण पूर्ण वेळ समोर ठेवू नये. ताईंनी केलेला नीटस कंदील भिंतीवर असला की मुलं आपल्या हातातल्याकडे बघून हिरमुसतात. मग ‘तुम्हीच करून द्या ना’ सुरू होतं, आणि आपणही पालकांना दाखवायचं म्हणून करून देतो. घरी जातो तो ताईंचा कंदील. माझं स्पष्ट मत आहे: वाकडातिकडा चालेल, पण मुलाचाच हवा. नमुना दाखवायचाच तर दोन-तीन वेगवेगळे दाखवा, त्यात एक अर्धवट सोडलेला असू द्या, आणि काम सुरू झालं की सगळे कपाटात ठेवा.

‘मला नाही येत’ म्हणणाऱ्या मुलाच्या कागदाला हात लावू नका. स्वतःचा दुसरा कागद घ्या, त्याच्या शेजारी बसा, एकच घडी घाला आणि थांबा. बहुतेक मुलं तेवढ्यावर पुढे जातात.

कात्री आणि डावखुरी मुलं

एखादं मूल कापतंय, पण कागद कापला न जाता दोन पात्यांत दुमडला जातोय असं दिसलं, तर लगेच ‘नीट धर’ म्हणू नका. आधी ते कुठल्या हाताने कापतंय ते बघा. नेहमीची कात्री उजव्या हातासाठी केलेली असते. डाव्या हातात धरली की दाब उलटा पडतो, पाती एकमेकांपासून दूर जातात, आणि वरचं पातं कापायची रेघच झाकतं. डावखुऱ्यांसाठी वेगळी कात्री मिळते, वर्गात एक-दोन असू द्याव्यात. नसली तर त्या दिवशी त्या मुलाला फाडून काम करू द्या. फूटपट्टी दाबून धरून फाडलेली कड छान दिसते. हात बदलायला मात्र लावू नका.

सगळ्यांना सांगायची आणखी एक गोष्ट: गोल कापताना कात्री फिरवायची नाही, कागद फिरवायचा.

चिकटत नाही, सुकत नाही, सुरकुततं

गोंदाची बाटली मुलांच्या हातात दिली की अर्धी बाटली कागदावर येते. फेविकॉल जाड लागला की सुकत नाही आणि कागद ओला होऊन फुगतो. बाटलीच्या झाकणात थोडासा काढून द्या आणि लावायला काडी द्या. पतंगाचा कागद तर ओल सहनच करत नाही. त्याच्यासाठी गोंद सांगाड्याच्या काडीला लावायचा, कागदाला नाही, आणि कागद वरून अलगद ठेवायचा. ताणायचा नाही.

जास्त मुलं असतील तर मैद्याची खळ करा, स्वस्त पडते आणि छान चिकटते. एक वाटी मैदा आधी गार पाण्यात गुठळ्या न होऊ देता कालवायचा, एकूण चार-पाच वाट्या पाणी घालून मंद आचेवर ढवळत शिजवायचा. चकाकी येऊन दाट झाली की उतरवायची. खळीला किडे लागू नयेत म्हणून जुने लोक तिच्यात मोरचूद घालत. मुलांच्या वर्गात ते अजिबात नको, मोरचूद विषारी आहे. खळ दोन दिवसांपुरतीच करा आणि फ्रीजमध्ये ठेवा.

पावसाळ्यात कुठलीच गोष्ट वेळेवर सुकत नाही, आणि राखी, पोळा, गणपती हे सगळे तेव्हाच येतात. त्या महिन्यांत रंगवणं आणि चिकटवणं एकाच दिवशी ठेवू नका. खोलीत आडवी दोरी बांधा, चिमट्यांनी कागद लटकवा. आणि काम सुरू होण्याआधी कागदाच्या मागे पेन्सिलने नाव लिहून घ्या. सुकलेल्या वीस एकसारख्या राख्यांमधून आपली कोणती, यावरून होणारी भांडणं त्याने टळतात.

शाडूला तर जास्तच सवड लागते. मुलं आधी धड करतात आणि मग सोंड, कान, पाय नुसते दाबून बसवतात. सुकताना ते गळून पडतात. दोन्ही बाजूंना काडीने ओरखडे काढायचे, तीच माती पाण्यात दाटसर कालवून मधे लावायची आणि मग जोडून बोटाने सांधा पुसायचा. मूर्ती भेगाळली तर समजा, ती उन्हात किंवा पंख्याखाली सुकली, किंवा एकीकडे जाड आणि एकीकडे पातळ आहे. सावलीत ठेवा, पहिले दोन दिवस पातळ भागांवर ओलसर फडकं टाका. बारीक भेगा तशाच दाट मातीने बुजवता येतात. हाताच्या पंजाएवढी मूर्ती असली तरी करणं आणि रंगवणं यात आठवडाभर तरी अंतर ठेवा. मातीचे बैल करायचे असतील तर पाय आखूड आणि जाड करायला सांगा, नाहीतर ते उभे राहत नाहीत.

सगळे रंग एकदम देणं

बारा बाटल्या समोर ठेवल्या की दहा मिनिटांत सगळ्यांच्या कागदावर तोच मातकट रंग. तीन रंग पुरेत, त्यातले दोन एकमेकांत मिसळून चांगले दिसतील असे. पाण्याच्या वाट्या प्रत्येकी दोन: एक कुंचला धुवायला, एक स्वच्छ. भेंडी, कांदा, बटाट्याचे ठसे उठवताना रंग ताटलीत ओतू नका, ओल्या फडक्यावर पसरवून द्या. मग ठसा उमटतो, नुसता डाग पडत नाही. ठशांसाठी घरात टाकून द्यायची भाजी आणायला सांगा. डाळ-तांदूळ चिकटवणं काही घरांना आवडत नाही, त्यांचं म्हणणं रास्त आहे.

सामान निवडताना धोक्याकडे दुर्लक्ष

पाळणाघरात एकाच खोलीत दोन वर्षांची बाळंही असतात. तिथे मणी, टिकल्या, चिकटवायचे छोटे प्लास्टिकचे डोळे जमिनीवर सांडू देणं धोक्याचं, ते बाळाच्या घशात अडकतात. कंदिलात ठेवायच्या छोट्या बॅटरीच्या पणत्या घेताना खालचं झाकण स्क्रूने बंद होतं ना ते तपासा. आतली नाण्यासारखी बॅटरी मुलाने गिळली तर दोन तासांतही अन्ननलिका भाजू शकते. अशी नुसती शंका आली तरी वाट न बघता दवाखाना गाठायचा. गरम गोंदाची बंदूक मोठ्यांच्याच हातात.

थर्माकोल आणूच नका. 2018 पासून राज्यात सजावटीसाठी त्याच्यावर बंदी आहे, आणि तो कापताना निघणारे कण झाडून निघत नाहीत. पुठ्ठ्याची खोकी किराणा दुकानात मागितली की मिळतात.

प्रत्येक सण प्रत्येक घरात आहे असं धरून चालणं

राखीच्या दिवशी ‘भावासाठी करा’ म्हटलं की भाऊ किंवा बहीण नसलेलं मूल गप्प बसतं. ‘जो आपली काळजी घेतो त्याच्यासाठी’ एवढं म्हटलं तरी पुरतं. मग कुणी वॉचमनकाकांसाठी करतं, कुणी बसच्या ताईंसाठी, कुणी आजीसाठी. आई-बाबांसाठी शुभेच्छापत्रं करतानाही हेच लक्षात ठेवा. वर्षातली सगळी कामं सणांभोवती बांधू नका. पाऊस, बाजार, रेल्वे, मुलांच्या रस्त्यावरचं झाड हे विषय सगळ्यांचेच असतात.

लवकर संपवणारे आणि अर्ध्यातून जाणारे

दोन मुलं पंधरा मिनिटांत ‘झालं’ म्हणतात. त्यांना दुसऱ्यांना मदत करायला पाठवू नका, ती दुसऱ्यांचं करून टाकतात. कोपऱ्यात उरलेल्या तुकड्यांचा डबा, काड्या आणि खळ ठेवा. तिथे काय करायचं ते त्यांचं त्यांनी ठरवायचं. मला तर त्या डब्यातून निघालेल्या वस्तू नेहमीच जास्त गमतीच्या वाटतात.

उलट काहींचं काम अपुरं असतानाच बाबा दारात उभे असतात. घाईघाईने चिकटवून देऊ नका. प्रत्येकाला नावाचं एक बुटांचं खोकं द्या, काम त्यात ठेवा, आणि बाबांना दोन वाक्यांत सांगा की आज तिने सांगाडा स्वतः बांधला, कागद उद्या लावणार आहे. दर महिन्याला एक दिवस नवं काहीही न घेता फक्त या खोक्यांसाठी ठेवा. ज्याला पुढे करायचं नाही त्याने ते मोडून सामान तुकड्यांच्या डब्यात टाकायचं, आणि त्याला त्याचं कारण विचारायचं नाही.