तोच वाद पुन्हा पुन्हा: ओपन सोर्स प्रकल्प सांभाळताना या चुका टाळा

ओपन सोर्स, म्हणजे सर्वांना कोड खुला असलेला, प्रकल्प चार-पाच वर्षांचा झाला की हे हमखास घडतं. ज्या प्रश्नावर महिनाभर घमासान होऊन निकाल लागला, तोच प्रश्न कुणीतरी नव्यानं, अगदी निरागसपणे विचारतं. जुन्यांच्या कपाळाला आठी पडते आणि ती का पडली ते नव्याला कळत नाही. गोव्यात याचा हंगामही ठरलेला आहे. फर्मागुडी, वेर्ण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजांत वर्ग सुरू होतात, ऑक्टोबरात ओपन सोर्सला हातभार लावण्याचा हॅक्टोबरफेस्ट हा उपक्रम येतो, आणि उत्साही मुलं जुने विषय एकेक करून उकरू लागतात.

यात मुलांचा दोष नाही. वाद परत येतो तो बहुतेक वेळा नोंद अपुरी असते म्हणून.

चूक: ‘यावर बोलून झालंय’ म्हणून विषय बंद करणं

बोलून झालंय हे खरं असतं, पण कुठं? तीन वर्षांपूर्वीच्या दोनशे प्रतिसादांच्या चर्चेची लिंक तोंडावर फेकणं म्हणजे उत्तर नव्हे. त्या दोनशेत शेवटी काय ठरलं ते शोधायला तासभर लागतो, आणि तेवढा वेळ कुणी देत नाही. मग तोच माणूस दुसऱ्या शब्दांत तेच विचारतो, किंवा गुपचूप निघून जातो.

प्रत्येक मोठ्या निर्णयासाठी कोडच्याच रेपॉझिटरीत (कोड साठवतात त्या जागी) एक पानाची फाइल ठेवा आणि तिला क्रमांक द्या. मायकेल नायगार्ड यांनी २०११ मध्ये मांडलेली ‘आर्किटेक्चर डिसिजन रेकॉर्ड’ची पद्धत हीच. कोडबरोबर फाइल राहिली की चर्चेची जागा बदलली तरी ती हरवत नाही.

चूक: निकाल लिहिणं, कारणं न लिहिणं

सगळ्यात महागात पडते ती ही चूक. समजा, पणजी, फोंडा आणि म्हापशाची मंडळी मिळून बसच्या वेळापत्रकाचं एक ॲप सांभाळतात. मराठी पडद्यावर अंक देवनागरी ठेवायचे की इंग्रजी, हा वाद दर सहा महिन्यांनी डोकं वर काढतो. नोंदीत नुसतं ‘देवनागरी ठेवायचं ठरलं’ असेल, तर तो थांबणार नाही. नोंद अशी हवी:

निर्णय १२: मराठी निवडल्यास वेळा, भाडं, तारखा देवनागरी अंकांत. बसचा नोंदणी क्रमांक मात्र पाटीवर असतो तसाच.

नाकारलेले पर्याय: (अ) सगळीकडे इंग्रजी अंक. सीएलडीआर या युनिकोडच्या माहितीसंचात मराठीचे मूळ अंक देवनागरी आहेत, त्यामुळे तयार कोडच्या लायब्ररीतून येणाऱ्या तारखा एका अंकांत आणि आपण लिहिलेलं भाडं दुसऱ्या अंकांत, अशी खिचडी होते. (ब) वापरणाऱ्यालाच निवड देणं. प्रत्येक पडद्याची चाचणी दोनदा करावी लागते, आणि ती करायला आज माणूस नाही.

काय सोडलं: इंग्रजी अंकांची सवय असलेला प्रवासी घाईत अडखळू शकतो.

पुन्हा केव्हा उघडायचं: पडदा मोठ्यानं वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर अंक चुकीचे वाचतो हे करून दाखवता येईल असं उदाहरण मिळालं तर; किंवा पर्याय (ब) वर्षभर सांभाळायला कुणी पुढे आलं तर.

‘काय सोडलं’ ही ओळ लिहायला जिवावर येतं, पण तीच सर्वांत कामाची. आपलं म्हणणं ऐकलं गेलं, तोलून पाहिलं गेलं, हे हरलेल्या बाजूला तिथं दिसतं. पायथन या प्रोग्रामिंग भाषेतले बदल ज्यांत मांडतात त्या पेप दस्तऐवजांत नाकारलेल्या कल्पनांसाठी वेगळा भाग असतो, तोही यासाठीच. पायथन ३ घडत असताना पायथनच्या चमूनं २००६ मध्ये पेप ३०९९ काढला. पायथन ३ मध्ये काय बदलणार नाही, याची ती यादी. ती नजरेसमोर असल्यामुळे वाद घालणाऱ्याला निदान कशाच्या विरुद्ध बोलायचंय ते आधीच कळायचं.

शेवटची ओळ, म्हणजे पुन्हा उघडण्याची अट, दोन्ही बाजूंना बांधते. अट पुरी झाली तर जुन्यांनी कुरकूर न करता विषय उघडायचा. नवा माणूस आला, नवा संताप आला, याला मात्र अट पुरी झाली असं म्हणायचं नाही. गो या प्रोग्रामिंग भाषेच्या चमूनं प्रोग्राम चालताना येणाऱ्या चुका हाताळण्याच्या वाक्यरचनेवर २०१८ पासून प्रस्ताव मांडून पाहिले, २०१९ मधला ‘ट्राय’ विरोधामुळे मागे घेतला, आणि जून २०२५ मध्ये जाहीर केलं की नजीकच्या काळात या वाक्यरचनेत बदल करणार नाही, असे प्रस्ताव यापुढे बंद करू. त्याबरोबर सविस्तर कारणंही दिली. नकार असा पूर्ण हवा.

चूक: अंगठे मोजणं

प्रतिसादाखालचे अंगठे मोजून निर्णय घेतला की पुढच्या वेळी प्रत्येक गट माणसं गोळा करून आणतो. बघायचं असतं ते आक्षेपाला उत्तर मिळालं की नाही. इंटरनेटची मानकं ठरवणाऱ्या आयईटीएफचा आरएफसी ७२८२ हा दस्तऐवज (२०१४) हेच सांगतो: प्रत्येक आक्षेपाप्रमाणे बदल करायलाच हवा असं नाही, पण प्रत्येक आक्षेपाचा विचार होऊन त्याला उत्तर दिलेलं असलं पाहिजे. आक्षेप घेणाऱ्याला सरळ विचारा: ‘हे तुम्हाला आवडत नाही, की यानं काही मोडतं?’ मोडत असेल तर काय मोडतं ते दाखवायला सांगा. अपाची फाउंडेशनच्या ओपन सोर्स प्रकल्पांत कोडबदलाला नकाराधिकार आहे, पण त्याला तांत्रिक कारण जोडावं लागतं. कारणाविना दिलेला नकार धरला जात नाही.

चूक: शनिवारच्या बैठकीत ठरवून टाकणं

पणजीत चौघं भेटतात, कॉफी होते, सगळ्यांचं पटतं, रविवारी कोड बदललेला असतो. वाळपईचा, सावंतवाडीचा किंवा नोकरीसाठी परदेशी गेलेला सहकारी सोमवारी हे बघतो आणि वाद पुन्हा पेटतो. या वेळी निर्णयावर नाही, तो घेण्याच्या रीतीवर. तो जास्त कडू असतो. बैठकीत फक्त प्रस्ताव तयार करा, तो लेखी मांडा, आणि किमान ७२ तास थांबा. अपाचीत मतदानाची मुदत साधारण एवढीच असते. मोठ्या बदलाला जास्त: रस्ट या प्रोग्रामिंग भाषेत आरएफसीचा, म्हणजे बदलाच्या लेखी प्रस्तावाचा, अंतिम विचारकाल १० दिवसांचा आहे. आणि गणेश चवथीच्या आठवड्यात मुदत संपवू नका. अर्धी मंडळी गावच्या घरी असतात, आणि तेव्हा लागलेला निकाल त्यांना कधीच आपला वाटत नाही.

चूक: मूल्यांचा प्रश्न तांत्रिक समजणं, आणि उलटही

कोकणी देवनागरीत की रोमीत (रोमन लिपीत), हा गोव्यात साधा सेटिंगचा मुद्दा नाही. १९८७ च्या राजभाषा कायद्यापासून त्याला मोठा इतिहास आहे, आणि मराठीच्या स्थानाचा प्रश्नही त्यात गुंतलेला आहे. ‘फॉन्ट कुठला सोपा’ अशा मापानं तो सोडवायला गेलात तर माणसं दुखावतात. इथं आधी बघा, दोन्ही शेजारी राहू शकतात का. भाषेच्या संकेताला लिपीचा तुकडा जोडता येतो, त्यामुळे दोन लिप्यांच्या दोन अनुवाद फाइली सुखानं नांदू शकतात. वाद उरतो तो मूळ पर्याय (न निवडता आपोआप मिळणारा) कुठला एवढाच, आणि तो उघडपणे मूल्यांचा प्रश्न म्हणून चर्चेला घ्या.

डेबियन या लिनक्स प्रणालीत सिस्टमडीचा, म्हणजे संगणक सुरू होताना बाकीच्या सेवा चालू करणाऱ्या प्रोग्रामचा, वाद असाच रेंगाळला. फेब्रुवारी २०१४ मध्ये तांत्रिक समितीनं तो मूळ पर्याय म्हणून निवडला, त्याच वर्षी सर्वसाधारण मतदान झालं, आणि तरीही २०१९ मध्ये पुन्हा मतदान घ्यावं लागलं. मूळ पर्याय कुठला हे ठरलं होतं; इतर पर्यायांना किती आधार द्यायचा, हे ठरायचं राहिलं होतं. वाद निकालानंतरही धुमसत असेल तर उत्तर बदलण्याआधी नेमका कोणता प्रश्न विचारला होता ते तपासा.

उलट, कोडच्या मांडणीत टॅब की स्पेस, ओळ किती लांब, यांत कुणाचं काही पणाला लागलेलं नसतं. हे माणसांकडून काढून घ्या. गोफमट, ब्लॅक, प्रिटियर या कोडची मांडणी आपोआप करणाऱ्या साधनांपैकी आपल्या भाषेला चालेल ते लावा आणि प्रत्येक पुल रिक्वेस्टवर (बदल सामावून घेण्याच्या विनंतीवर) ते आपोआप तपासलं जाऊ द्या. सगळा कोड एकदा नव्यानं मांडायचा तो स्वतंत्र कमिटमध्ये (बदलाच्या नोंदीत), आणि त्या कमिटचा हॅश, म्हणजे तिचा ओळखक्रमांक, कुठली ओळ कुणी बदलली ते दाखवणाऱ्या ‘गिट ब्लेम’नं वगळायच्या यादीत टाका. गिट २.२३ पासून ही सोय आहे. ती विसरलात तर प्रत्येक ओळ एकाच माणसानं लिहिल्यासारखी दिसते, आणि त्यावरून नवीन भांडण.

चूक: प्रत्येक वेळी त्याच माणसानं उत्तर देणं

जुलै २०१८ मध्ये पेप ५७२ या प्रस्तावावरच्या कडवट वादानंतर पायथनचे जनक गिडो व्हान रॉसम त्या भाषेच्या अंतिम निर्णयाच्या जबाबदारीतून बाजूला झाले. पुढे पेप ८०१६ प्रमाणे पाच जणांचं सुकाणू मंडळ आलं. एवढ्या मोठ्या समुदायात एका माणसावर असा भार पडत असेल, तर तीन-चार जणांच्या प्रकल्पात काय होत असेल? पाळी लावा: एक महिना एक जण. मूळ वादात हिरिरीनं लढलेल्यांनी पहिलं उत्तर देऊ नये. त्यांच्या शब्दांत जुना राग उतरतो. पाळीवरच्यानं तीनच गोष्टी लिहायच्या: निर्णयाची फाइल, पुन्हा उघडण्याची अट, आणि ‘यात नवं काय आहे?’ हा प्रश्न. उत्तरात खरंच नवं काही आलं तर त्याच दिवशी फाइलची स्थिती ‘पुनर्विचारात’ अशी करायची. चर्चा तापली तर २४ तास कुलूप लावा, आणि ते केव्हा उघडणार ती वेळ कुलूप लावतानाच लिहा.