स्वॅटमध्ये मका-कपाशीचं उत्पादन भलतंच येतंय? आधी पेरणीची तारीख बघा

गिरणा किंवा पांझरेच्या खोऱ्याचं स्वॅट (नदीखोऱ्यातलं पाणी आणि पिकं यांचा हिशेब करणारं संगणकीय) मॉडेल चालवलं, नदीचा प्रवाह बरा जुळला आणि मका मात्र हेक्टरी अर्धा टन आला, की बहुतेक जण थेट पीक-डेटाबेस उघडून आकडे ओढायला लागतात. ते सगळ्यात शेवटी करायचं काम आहे.

आधी एककं. मॉडेलचं उत्पादन हेक्टरी टनांत आणि कोरड्या वजनात असतं. हेक्टरी १ टन म्हणजे एकरी सुमारे ४ क्विंटल. केळीच्या घडात बहुतेक पाणीच असतं, तेव्हा रावेर-यावलचे बागेतले आकडे शेजारी ठेवू नका. कपाशीचा आकडा कापसाचा की रुईचा तेही बघा. रुई साधारण एक तृतीयांश भरते.

खरी गोची पेरणीत आहे. आपोआप बनलेल्या व्यवस्थापन फाइलीत तारीख नसतेच. पेरणी वर्षभराच्या हीट युनिटच्या (रोजचं सरासरी तापमान वजा पायाभूत तापमान, याची बेरीज; पायाभूत म्हणजे ज्याच्या खाली पीक वाढत नाही ते) ०.१५ भागावर आणि काढणी पिकाच्या एकूण हीट युनिटच्या १.२ पटीवर टाकलेली असते. पेरणीचा हा भाग १ जानेवारीपासून, पायाभूत तापमान शून्य धरून मोजतात. थंड मुलखात त्यामुळे पेरणी बरोबर वसंतात येते. खानदेशात सरासरी २७ अंश धरलं तर वर्षाची बेरीज सुमारे ९,८५०. तिचे १५ टक्के मार्चच्या सुरुवातीलाच भरतात. म्हणजे कोरडवाहू मका ऐन उन्हाळ्यात पेरला जातो आणि मृगाच्या आसपास पिकून मोकळा होतो. खरिपात शेत उघडंच राहतं, बाष्पोत्सर्जन चुकतं. मग जुळलेला प्रवाहही संशयास्पदच समजा: ती चूक कर्व्ह नंबर (किती पाऊस वाहून जातो हे ठरवणारा आकडा) झाकत असतो.

हीट युनिटचे हे भाग काढून टाका आणि महिना-दिवस लिहा. कोरडवाहू मका-कपाशीला २० जूनच्या आसपास. पाऊस लांबलेल्या वर्षांना वेगळी तारीख द्या. काढणीही तारखेनेच.

तारीख बदलली की पिकाचे एकूण हीट युनिटही नव्याने काढावे लागतात, आणि इथेच लोक आळस करतात. मक्याचं पायाभूत तापमान ८: (२८ − ८) × ११० दिवस = २,२००. कपाशीचं १५: (२७ − १५) × १७० = २,०४०. तुमच्या केंद्राच्या रोजच्या तापमानावरून करा, हे फक्त अंदाज आहेत. आकडा कमी पडला तर वाढ मध्येच थांबते. जास्त झाला तर दाणाच भरत नाही: निम्मे युनिट झाले असताना काढणी केली तर कापणी निर्देशांक (पिकाच्या एकूण वाढीतला हाती येणाऱ्या उत्पादनाचा वाटा) कमाल मूल्याच्या जेमतेम १० टक्के असतो, तीन चतुर्थांशाला ६७.

मक्यानंतर हरभरा असेल तर मक्याला काढणीबरोबर ‘किल’ (पीक संपवण्याची नोंद) द्या. उभ्या पिकात दुसरं पेरलं जात नाही.

आता एचआरयूच्या (एकाच प्रकारची माती, पीक आणि उतार असलेला मॉडेलमधला जमिनीचा तुकडा) आउटपुटमध्ये ताणाचे रकाने बघा. नत्राचे ताण-दिवस जास्त असतील तर खताच्या मात्रा तारखेसह भरा. पाण्याचे असतील तर मातीची जलधारण क्षमता आणि पावसाच्या फाइलीतल्या रिकाम्या जागा तपासा. −९९ लिहिलेल्या दिवशी वेदर जनरेटर स्वतःच पाऊस बनवतो. उत्पादन वाढवायला कोरडवाहू शेतावर ऑटो-सिंचन लावू नका. मका सुधारेल, पण ते पाणी नदीतून किंवा भूजलातून जाईल, आणि स्रोत खोऱ्याबाहेरचा दाखवला असेल तर मॉडेलमध्ये नसलेलं पाणी येईल.

एवढं करूनही २०-३० टक्क्यांचा फरक उरला, तरच कापणी निर्देशांकाला हात लावा.