परदेशी जाणाऱ्यांच्या क्षयरोग तपासणीच्या नोंदी गोळा करताना

गोव्यातून परदेशी स्थायिक होण्यास निघालेल्यांच्या वैद्यकीय तपासणीची माहिती संकलित करताना प्रथम प्रत्येकाची लेखी संमती घ्यावी आणि तो कोणत्या देशात जाणार आहे हे नोंदवावे, कारण नियम देशागणिक बदलतात. अमेरिकेच्या स्थलांतर व्हिसासाठी १५ वर्षे व त्यावरील सर्वांचा छातीचा एक्स-रे काढला जातो; ब्रिटनमध्ये ६ महिन्यांहून अधिक राहणाऱ्यांसाठी ही मर्यादा ११ वर्षांची आहे.

एक्स-रेत संशय आल्यास थुंकीचे तीन नमुने घेतात. सूक्ष्मदर्शकाखालील निकाल लवकर मिळतो, परंतु कल्चरला, म्हणजे प्रयोगशाळेत नमुन्यातील जंतू वाढवून पाहण्याच्या चाचणीला, ८ आठवड्यांपर्यंत वेळ लागू शकतो. म्हणून दोन्ही निकालांसाठी स्वतंत्र रकाने व स्वतंत्र तारखा ठेवाव्यात आणि ‘निकाल प्रलंबित’, ‘तपासणी केली नाही’ व ‘जंतू आढळले नाहीत’ या तीन नोंदी कधीही एकमेकींत मिसळू देऊ नयेत. माझ्या मते संपूर्ण संकलनातील सर्वांत घातक चूक हीच आहे, कारण रिकामा रकाना पुढे निरोगीपणाचा पुरावा म्हणून वाचला जातो.

गोव्यातील सासष्टी वा बार्देश तालुक्यात एकच नाव व आडनाव अनेकांचे असते आणि आडनावाचे रोमन स्पेलिंगही कागदागणिक बदलते. त्यामुळे जुळणी पारपत्र क्रमांक व जन्मतारखेवरून करावी आणि विश्लेषणाच्या प्रतीतून ही ओळख काढून टाकावी.

क्षयरोगाचे निदान झाल्यास भारतात २०१२ पासून त्याची अधिसूचना, म्हणजे सरकारी आरोग्य यंत्रणेला कळवणे, बंधनकारक आहे. रुग्णाची निक्षय या सरकारी ऑनलाइन क्षयरुग्ण नोंदणी प्रणालीत नोंद झाली की नाही, याची खात्री त्याच आठवड्यात करून घ्यावी.