धनु, दंड, बाणाचा टप्पा: जुनी अंतरं मीटरमध्ये करताना या चुका टाळा

जुन्या ग्रंथातलं माप उचलायचं, मोबाईलवर गुणाकार मारायचा आणि पोस्ट टाकून मोकळं व्हायचं, हा प्रकार हल्ली इतका वाढलाय की शेवटी लिहायलाच बसलो.

सगळ्यात मोठा घोळ म्हणजे धनु आणि बाणाचा टप्पा एकच समजणं. धनु हे धनुष्याच्या लांबीचं माप, ४ हात म्हणजे ९६ अंगुळं (अंगुळ म्हणजे एका बोटाची रुंदी), आजचे साधारण १.७ ते १.८ मीटर. बाण जाऊन पडतो ते अंतर वेगळं, ते दीड-दोनशे मीटर सहज भरतं. म्हणजे चूक थेट शंभरपट!

एका गावच्या पोरांनी गायरानाच्या इतिहासाचा फ्लेक्स केला होता. मनुस्मृतीत (८.२३७) गावाभोवती १०० धनु जागा गुरांसाठी सोडा असं आहे, यांनी १०० बाणांचे टप्पे धरले आणि ठोकून दिलं, '२० किलोमीटर गायरान'. म्हटलं अरे बाबांनो, चारी बाजूंना २० किलोमीटर सोडलं तर शेजारची गावं कुठे जातील, तालुक्याचा एसटी स्टँडपण गायरानातच की! तर म्हणे सर, नेटवर बघितलं. बरं, त्याच श्लोकात पुढे दुसरा पर्याय दिलाय, तीन शम्यापात, म्हणजे जुवाच्या शिवळीसारखी काठी फेकायची, पडेल तिथून परत, असं तीनदा. १०० धनु म्हणजे १७०-१८० मीटर, भागिले तीन, एका फेकीला साठेक मीटर. दणकट गडी काठी तेवढीच फेकणार ना? पडताळा तिथेच दिलाय, पण अख्खा श्लोक वाचायला वेळ कोणाला आहे.

दुसरी चूक, सगळीकडे ९६ अंगुळंच धरणं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात रस्ते आणि तटबंदी मोजायला १०८ अंगुळांचं धनु वेगळं सांगितलंय. किल्ल्यावर लिहिताना हे विसरू नका.

'१ धनु = १.८२८८ मीटर' असं लिहिणाऱ्यांना तर माझा साष्टांग नमस्कार. कौटिल्य अंगुळ सांगतो ते आठ जवांच्या रुंदीवरून, नाहीतर मध्यम बांध्याच्या माणसाच्या मधल्या बोटावरून, आणि तुम्ही दशांशाच्या पुढे चार आकडे देताय? मी शेवटपर्यंत अंगुळातच हिशोब ठेवतो, मीटर अगदी शेवटी आणि तेही 'सुमारे' लावून. वेळ लागतो, लागू दे.

बाणाच्या टप्प्याला एकच पक्का आकडा नसतो. इंग्लंडात १५४१ च्या कायद्याने २४ वर्षांवरच्या तिरंदाजांना २२० यार्डांच्या आतल्या निशाण्यावर सराव करायला बंदी होती, यावरून साधारण अंदाज येतो. इस्तंबूलच्या ओकमेदानीत, म्हणजे तिथल्या जुन्या तिरंदाजीच्या मैदानात, दगड रोवलेत ते विक्रमी बाणांचे, तो रोजचा टप्पा नव्हे.

कोस-योजनांची खिचडी करू नका. भास्कराचार्यांच्या लीलावतीत २००० दंडांचा (दंड म्हणजे धनुसारखेच ४ हात) क्रोश, म्हणजे कोस, आणि ४ क्रोशांचं योजन, हिशोब सरळ. अर्थशास्त्रात मात्र गोरुत (कोसासारखंच माप, चार गोरुतांचं एक योजन) एका पाठात हजार धनूंचा, दुसऱ्यात दोन हजारांचा, म्हणजे योजन एकदम निम्मं किंवा दुप्पट! कुठली आवृत्ती वापरली ते लिहा.

आणि ग्रंथ मिसळू नका. नगराभोवती सोडायच्या जागेसाठी मनु ३०० धनु सांगतो, याज्ञवल्क्य ४००. मी वहीत आकड्याच्या आधी ग्रंथाचं नाव लिहितो, नाव नसलेला आकडा सरळ खोडतो.