मण्यांचा हार टेबलावर छान, गळ्यात बिघडतो? या चुका टाळा

बडोद्याच्या कीर्तिमंदिरात चित्रकार नंदलाल बोस यांची भित्तिचित्रं पाहून आलं की हात शिवशिवतात. मग त्यातलं ‘गंगावतरण’ जसंच्या तसं हाराच्या पदकात उतरवायचा घाट घातला जातो आणि तिथेच सगळं फसतं. दोन मिलिमीटरच्या काचमण्यांत चेहरे उतरत नाहीत, उतरतो तो रंगांचा मेळ. चित्रातले तीनच रंग निवडा आणि मुख्य म्हणजे त्यांचं प्रमाण उचला. सगळे रंग सारखेच घेतले तर रांगोळीचे डबे सांडल्यासारखं दिसतं.

प्रमाण शिकायचं तर आपल्या बडोद्याचा मोत्यांचा गालिचा पाहा. खंडेराव महाराजांनी १८६५च्या सुमारास करवून घेतलेला हा गालिचा २००९मध्ये दोह्यात लिलावात गेला, त्यामुळे आता फोटोवरच भागवायचं. जमीन बारीक बसरा मोत्यांची आणि रंगीत काचमणी मुख्यतः वेलबुट्टीपुरते.

निसर्गाचंही तसंच. वड म्हटला की हिरवी काचेची पानं ओवली जातात. ती कुठल्याही झाडाची वाटतात. वडाची लाल फळं मात्र पानाच्या बगलेत जोडीनं लागतात. तांबडे अकीकमणी (अकीक दगडाचे मणी) दोन-दोन घ्या, मधल्या अंतरात बारीक हिरवे मणी. एवढं पुरे.

आता तक्रारी. हार वारंवार तुटत असेल तर दोऱ्याला दोष देण्याआधी मण्यांची भोकं बघा. खंभातचे अकीकमणी सुरेख असतात, पण भोकाची कड धारदार राहिली तर रेशीम कापलं जातं. कड हिऱ्याची पूड बसवलेल्या बारीक कानशीने घासून घ्या, नाहीतर ते मणी गिअर वायरवर, म्हणजे प्लास्टिकचा लेप असलेल्या बारीक स्टीलच्या तारेवर ओवा. अकीक आणि मोती तर थेट शेजारी नकोतच. कठीणपणाच्या मोहस मापावर अकीक साडेसहा ते सात, मोती फार तर साडेचार. घासून मोत्याची झळाळी जाते. मोती रेशमातच ओवा, प्रत्येक मोत्यानंतर गाठ मारा. दागिने गाठवणारे पटवेकरी हे उगाच करत नाहीत.

हार ताठ उभा राहतो? दोरा फार ओढलाय. हार अडकवायचा आकडा (हूक) लावण्याआधी एका बारीक मण्याएवढी ढील ठेवा.

दोन-तीन पदर एकमेकांवर चढतात, कारण ते टेबलावर सरळ मांडून मापलेले असतात. गळा गोल आहे, खालच्या पदराला जास्त लांबी लागते. गुंडाळलेल्या टॉवेलवर किंवा सरळ आरशासमोर गळ्यावर धरून मापा. पदक जड असेल तर आकड्याची बाजू हळूहळू पुढे सरकते. मागे दोन-चार जड मणी घातले की तोल येतो.

रंगवलेल्या मण्यांची परीक्षा ओवण्याआधीच घ्या. ओल्या पांढऱ्या कापसाने घासा. रंग लागला तर ती माळ दुकानदाराला परत करा, नवरात्रात गरब्याच्या घामाने पांढऱ्या चोळीवर उतरण्याआधी.