इम्प्लांटचा पृष्ठभाग: कुपी उघडल्यापासून हाड धरेपर्यंत

दंत-इम्प्लांटच्या, म्हणजे दाताच्या मुळाच्या जागी जबड्याच्या हाडात बसवायच्या स्क्रूच्या, माहितीपत्रकांत पृष्ठभागाचे गुणगान पानेच्या पाने असते. पण कारखान्यात निगुतीने घडवलेला तो पृष्ठभाग कुपी उघडल्यापासून हाडात बसेपर्यंतच्या दोन-तीन मिनिटांत कसा सांभाळावा, याविषयी फारसे लिहिलेले नसते. नव्याने इम्प्लांट बसवू लागलेल्या दंतवैद्यांसाठी हे टिपण आहे.

इम्प्लांट बहुधा टायटॅनियमचा असतो. टायटॅनियमला हवा लागताच त्यावर काही नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडचा थर तयार होतो, आणि रक्ताची व हाडाची गाठ पडते ती या थराशी. स्वीडनचे पेर-इंगवार ब्रोनेमार्क यांनी १९६५ मध्ये पहिल्या रुग्णाला बसवलेले इम्प्लांट यंत्रावर कातलेले, तुलनेने गुळगुळीत होते. आजच्या बहुतेक इम्प्लांटचा खडबडीतपणा सरासरी १ ते २ मायक्रॉन असतो. कठीण कणांचा मारा करून त्यावर मोठे खळगे पाडतात आणि मग आम्लात बुडवून त्या खळग्यांत आणखी बारीक खळगे उमटवतात. वरच्या जबड्याच्या मागच्या भागातील मऊ हाडात याचा खरा उपयोग होतो. खालच्या जबड्याच्या पुढच्या टणक हाडात मात्र, माझ्या मते, पृष्ठभागापेक्षा ड्रिलिंग अधिक महत्त्वाचे ठरते. खडबडीतपणा वाढवत नेल्याने फायदाही वाढत जातो, असे नाही. असा पृष्ठभाग पुढे उघडा पडला, तर त्यावर जिवाणूंचा थर घट्ट बसतो आणि साफ करता करता नाकी नऊ येतात. म्हणून ज्यांना पूर्वी हिरड्यांचा आजार होऊन गेला आहे, त्यांच्यासाठी वरची कड गुळगुळीत असलेला इम्प्लांट विचारात घ्यावा.

हाडाचे तापमान मिनिटभर ४७ अंश सेल्सिअसपर्यंत गेले तरी त्याला इजा होते, म्हणून ड्रिल धारदार असावे, सलाइनची धार अखंड चालू ठेवावी आणि दाब न देता ड्रिल वर-खाली करत राहावे. खड्डा पूर्ण तयार होऊन त्यात रक्त साचल्याशिवाय कुपी उघडूच नये. इम्प्लांटला हातमोजा, गाल, जीभ किंवा लाळ यांपैकी कशाचाही स्पर्श होऊ देऊ नये आणि तो कापसाने टिपूही नये, कारण त्याला पहिला स्पर्श रुग्णाच्या रक्ताचाच व्हायला हवा. टोक रक्ताला लागताच ते आट्यांवरून आपोआप वर चढू लागले, तर पृष्ठभाग जलस्नेही आहे असे समजावे. हवेतील कार्बनी द्रव्ये चिकटलेल्या पृष्ठभागावर तेच रक्त थेंबांच्या रूपात अडून राहते. काही इम्प्लांट सलाइनमध्ये बुडवून दिले जातात, ते याचसाठी. रक्ताची गुठळी होताना फायब्रिन या प्रथिनाचे तंतू खळग्यांत अडकतात आणि हाड तयार करणाऱ्या पेशी त्या तंतूंच्या आधारे पृष्ठभागापर्यंत पोहोचतात.

बसवतानाची घट्ट पकड ही केवळ यांत्रिक असते. जुने हाड झिजत असते आणि नवे अजून पुरते तयार झालेले नसते, त्यामुळे साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात इम्प्लांट सर्वांत कमी स्थिर असतो. या काळात ‘जरा तपासून पाहू’ म्हणून त्याला पीळ देण्याचा मोह टाळावा. सुमारे १५० मायक्रॉनहून अधिक हालचाल वारंवार झाली, तर हाडाऐवजी तंतुमय ऊती तयार होतात. त्यापेक्षा कंपनावरून स्थिरता मोजणाऱ्या यंत्राचे बसवण्याच्या दिवशीचे आणि कॅप लावण्यापूर्वीचे आकडे शेजारी ठेवून पाहावेत.

हिरडीचे प्रकरण याहून नाजूक आहे. नैसर्गिक दाताच्या मुळात हिरडीचे तंतू रुतलेले असतात. इम्प्लांटभोवती ते बहुतांशी त्याला समांतर धावतात, त्यामुळे तिथली पकड कमजोर असते आणि अबटमेंट (इम्प्लांट आणि कॅप यांना जोडणारा भाग) काढ-घाल करताना ती दर वेळी फाटते. शक्य असेल तिथे अंतिम अबटमेंट एकदाच बसवावे, कॅपखालचे जादा सिमेंट कणभरही मागे राहू देऊ नये आणि त्याच दिवशी एक्स-रे काढून जपून ठेवावा. पुढे हाड खाली गेल्याची शंका आली, तर तुलना करायला तोच एक्स-रे लागतो.